नव्या मोटारीची वॉरंटी : तींत काय येतें, काय येत नाहीं



मध्यम स्थितींतलें कुटुंब घराच्या खालोखाल जी महाग वस्तु विकत घेतें ती म्हणजे मोटार. ती बहुधा कर्ज काढून घेतलेली असते, आणि तिचे हप्ते पांच किंवा सात वर्षें फेडावयाचे असतात. अशा वेळीं विक्रेत्यानें किल्लीबरोबर हातीं दिलेली वॉरंटीची पुस्तिका म्हणजे गाडीचें अभयपत्रच, असें पुष्कळांस वाटतें. "तीन वर्षें कांहीं झालें तरी कंपनी बघून घेईल," हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. या वाक्यांतील "कांहीं झालें तरी" एवढा भाग खरा नाहीं. तो कां खरा नाहीं, आणि मग खरें तें काय, याचा आज विचार करावयाचा आहे. हा विचार मी विशेषतः रत्नागिरीकरांच्या दृष्टीनें मांडणार आहें. कारण खारी हवा, चार महिन्यांचा धो धो पाऊस, घाटांतले रस्ते आणि नद्यांचे पूर, या सर्व गोष्टी आपल्या जिल्ह्यांत एकत्र आलेल्या आहेत, आणि वॉरंटीच्या पुस्तिकेंतील अपवादांचीं कित्येक कलमें याच गोष्टींना येऊन भिडतात.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्यांत विक्रीच्या करारांतील कलमांचे दोन वर्ग केलेले आहेत. एक मूलभूत अट. ती मोडली तर घेणारास माल नाकारून सौदा रद्द करतां येतो. दुसरी वॉरंटी, ही मुख्य सौद्याला जोडून दिलेली हमी होय. ती मोडली तर नुकसानभरपाई मागतां येते, परंतु तेवढ्यावरून माल परत करतां येत नाहीं. हा भेद केवळ वकिलांच्या कामाचा आहे असें समजूं नये. गाडींत पहिल्या महिन्यांतच बिघाड झाला म्हणजे आपण शोरूममध्यें जाऊन "ही गाडी परत घ्या आणि दुसरी द्या" असें म्हणतों. पुस्तिकेंत मात्र कंपनीनें इतकेंच कबूल केलेलें असतें कीं, माल अथवा कारागिरी यांतील दोषामुळें एखादा भाग निकामी ठरल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देऊं. आणि दुरुस्ती करावयाची कीं भाग बदलावयाचा, हें ठरविण्याचा अधिकारही ती बहुधा स्वतःकडेच ठेवते. मारुति उद्योग कंपनीच्या एका प्रकरणांत २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हीच मर्यादा मान्य केली. वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर तिच्या आधारें सबंध गाडी बदलून मागतां येत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

याचें सार असें कीं, वॉरंटी ही कारखान्याच्या चुकीबद्दल दिलेली हमी आहे. गाडीच्या नशिबाबद्दल दिलेली नव्हे. कोणताही बिघाड झाला म्हणजे एकच प्रश्न विचारावा : हा दोष कारखान्यांतून गाडीबरोबर आला, कीं मागाहून बाहेरून आला? पहिल्या प्रकारचा असेल तर वॉरंटी. दुसऱ्या प्रकारचा असेल तर विमा किंवा आपला खिसा. पुस्तिकेंतील बहुतेक कलमें याच एका प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें आहेत.

आतां मुदतीकडे वळूं. मुदतीला सामान्यतः दोन मर्यादा असतात, एक काळाची व दुसरी अंतराची, आणि त्यांतील जी आधीं संपेल तिच्याबरोबर वॉरंटी संपते. मारुति सुझुकीची वॉरंटी पूर्वी दोन वर्षें किंवा ४०,००० किलोमीटर अशी होती; २०२४ च्या जुलैपासून ती तीन वर्षें किंवा १,००,००० किलोमीटर अशी झाली. येथें लोक वर्षें मोजतात आणि किलोमीटर विसरतात. मुंबई येथून सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवर आहे असें धरलें, तर दर आठवड्यास एक फेरी करणाऱ्या गृहस्थाची गाडी वर्षाला ३६,००० किलोमीटरांहून अधिक धांवेल, आणि एक लाखाची मर्यादा तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं दोनतीन महिने संपेल. जुन्या मर्यादेप्रमाणें तर तेरा महिन्यांतच वॉरंटी आटोपली असती. दुसरी गोष्ट अशी कीं, वॉरंटींत बदललेल्या भागाला सामान्यतः नवी मुदत मिळत नाहीं. मूळ मुदतींतील जो काळ उरला असेल तेवढाच त्याच्या वांट्यास येतो. टायर व साधी बॅटरी यांची हमी बहुधा त्यांचे त्यांचे कारखानदार वेगळी देतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत मोठ्या बॅटरीची हमी उरलेल्या गाडीहून निराळी असते. ती पुष्कळदां आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर अशी आढळते. ही सर्व माहिती गाडी घेण्यापूर्वीं विचारावी. घेतल्यावर विचारून उपयोग थोडा.

वॉरंटींत काय येतें तें थोडक्यांत सांगतां येईल. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंधन पोंचविणारी यंत्रणा, वातानुकूलन, विजेचीं व इलेक्ट्रॉनिक उपकरणें यांत कारखान्याचा दोष निघाला, तर भागाची किंमत आणि मजुरी दोन्ही कंपनी सोसते. गाडी बंद पडल्यामुळें झालेलें भाड्याच्या वाहनाचें बिल, हॉटेलांतला मुक्काम, बुडालेली रोजी, हें मात्र ती देत नाहीं, आणि तसें पुस्तिकेंत स्पष्ट लिहिलेलें असतें.

जें येत नाहीं त्याचे चार वर्ग करतां येतात.

पहिला वर्ग झिजणाऱ्या भागांचा. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, वायपरचीं रबरें, दिवे, फ्यूज, फिल्टर आणि तेलें हीं झिजण्यासाठीं अथवा बदलण्यासाठींच असतात. आंबा घाटांत किंवा कुंभार्ली घाटांत सतत अर्धा क्लच दाबून गाडी चढविली, तर प्लेट लवकर जाईल आणि तिचा खर्च आपणांसच करावा लागेल. परंतु येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत ठेवावी. भाग झिजणें वेगळें आणि तो अकालीं झिजण्याचें कारण वेगळें. ब्रेकची यंत्रणा अडकून राहत असल्यामुळें एकाच चाकाचे पॅड चारपांच हजार किलोमीटरांत संपले, तर पॅड हा झिजणारा भाग असला तरी अडकणारी यंत्रणा हा दोष असूं शकतो. म्हणून "हें वॉरंटींत येत नाहीं" असें उत्तर मिळाल्यावर "झीज इतक्या लवकर कां झाली, तें लिहून द्या" असें शांतपणें विचारावें.

दुसरा वर्ग निगा न राखल्याचा. ठरलेल्या वेळीं सर्व्हिसिंग करून घेणें ही वॉरंटीची अट असते, आणि तींतही अंतर व काळ यांपैकीं जें आधीं येईल तें धरावयाचें असतें. आपल्याकडे मुंबईस नोकरीस असलेल्या मुलानें आईवडिलांसाठीं घेऊन ठेवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. अशी गाडी वर्षांत जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. दवाखाना, बाजार, एखादें लग्नकार्य, एवढाच तिचा प्रवास. "गाडी चाललीच नाहीं, मग सर्व्हिसिंग कशाला?" असें वडीलधारी मंडळी म्हणतात. परंतु तेल उभ्या गाडींतही जुनें होतें, आणि थोडें थोडें चालणाऱ्या इंजिनांत ओल सांचते. वर्षाची सर्व्हिसिंग चुकली आणि पुढें इंजिनांत बिघाड झाला, तर कंपनीच्या हातीं नकाराचें सबळ कारण आयतेंच मिळतें.

तिसरा वर्ग गैरवापराचा व फेरफारांचा. घरगुती गाडी भाड्यानें चालविणें, किंवा एप्रिल-मे महिन्यांत मागची बैठक पाडून तींत मर्यादेबाहेर आंब्याच्या पेट्या भरणें, हें गैरवापरांत मोडूं शकतें. जास्त उजेडाचे दिवे, मोठा कर्णा किंवा संगीताचें यंत्र बसवितांना मूळ तारा कापल्या, तर विजेच्या यंत्रणेची हमी धोक्यांत येते.

येथेंच बाहेरच्या गॅरेजचा प्रश्न येतो. बाहेर दुरुस्ती केली कीं वॉरंटी आपोआप मेली, असा सार्वत्रिक समज आहे. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय देऊन त्यांना एकंदर अडीच हजार कोटि रुपयांवर दंड ठोठावला. केवळ स्वतंत्र कारागिराकडून काम करून घेतलें एवढ्याच कारणानें वॉरंटी रद्द ठरविणें योग्य नव्हे. त्या कारागिराच्या सदोष कामामुळेंच नुकसान झालें असेल तर गोष्ट वेगळी, असा त्या निर्णयाचा एक भाग होता. त्यावर कंपन्यांनीं अपिलें केलीं. म्हणून व्यवहारी मार्ग असा कीं, मुदतींत मोठें काम अधिकृत ठिकाणींच करावें. परंतु रात्रीं हातखंब्याजवळ गाडी अडली आणि जवळच्या कारागिरानें पट्टा बदलून दिला, एवढ्यावरून गिअरबॉक्सची हमी कोणी नाकारूं लागल्यास मुकाट्यानें मान्य करूं नये. पट्ट्याचा आणि गिअरबॉक्सचा संबंध काय, हें त्यानें दाखवावयास हवें.

चौथा वर्ग बाहेरच्या कारणांचा, आणि रत्नागिरीकरांस सर्वांत जवळचा. अपघात, आग, पूर, भेसळीचें इंधन, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, उंदरांनीं कुरतडलेल्या तारा, हीं सर्व कारखान्याबाहेरचीं कारणें होत. यांपैकीं खारी हवा आणि पूर यांबद्दल थोडें विस्तारानें बोलणें जरूर आहे.

मांडवी, भाट्ये, मिऱ्या या बाजूंना राहणाऱ्यांस लोखंडाच्या गंजाबद्दल नव्यानें सांगावयास नको. खिडकीचे गज कसे फुगतात तें ते रोज पाहतात. मिठाचे सूक्ष्म कण हवेंतील ओल ओढून धरतात, आणि खारट ओल विजेची चांगली वाहक असल्यामुळें लोखंड गंजण्याची क्रिया ती पुष्कळ वेगानें घडविते. गाडीच्या रंगाला जेथें खडी उडून टवका जातो, तेथून ही क्रिया सुरू होते आणि खालच्या बाजूनें, कोणाच्या लक्षांत न येतां पसरते. हवामानामुळें झालेला वरवरचा गंज बहुतेक पुस्तिकांत वगळलेला असतो. पत्रा आंतून सडून आरपार भोंक पडणें ही वेगळी बाब असून तिची कोठें हमी असल्यास तिची मुदत व अटी निराळ्या असतात. त्या पुस्तिकेंत शोधाव्या. उपाय सोपे आहेत. पावसाळ्यांत व वाळूवर गाडी नेल्यानंतर तिचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा. रंगाचा टवका दिसतांच तो भरून घ्यावा. गंजरोधक लेप द्यावयाचा तर अधिकृत ठिकाणीं द्यावा आणि त्याची पावती ठेवावी. आणि पहिल्याच वर्षीं दाराच्या सांध्यांत किंवा जोडांत गंज दिसला, तर छायाचित्र काढून त्याच आठवड्यांत लेखी कळवावें. कारण नवा गंज रंगकामाचा दोष आहे असें म्हणतां येतें, जुना गंज समुद्राच्या नांवावर जातो.

पुराचें उदाहरण दूर शोधावयास नको. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचें पाणी चिपळूण शहरांत शिरलें, आणि माणसें व घरें यांच्या हानीबरोबर असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. त्यांत मुदतींतल्या नव्या गाड्याही असणारच. परंतु पुरांत बुडालेल्या गाडीवर वॉरंटी चालत नाहीं. तो प्रांत विम्याचा आहे. आणि येथें दोन खांचखळगे आहेत.

पहिला असा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीबरोबर त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र त्याबरोबर सामान्यतः एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांची तारीख पाहून गृहस्थ निश्चिंत राहतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यांत गाडी बुडाली म्हणजे त्याला कळतें कीं, तो विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा होता, आपल्या नव्हे. म्हणून पहिलें वर्ष संपण्यापूर्वीं स्वतःच्या गाडीचा विमा पुन्हां उतरवावा.

दुसरा खळगा इंजिनाचा. सिलिंडरांत हवा दाबली जाते, कारण हवा दबूं शकते. पाणी तसें दबत नाहीं. पाणी शिरलेलें इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो किंवा मोडतो. गाडी बुडणें हा अपघात; पण बुडालेली गाडी सुरू करणें हें मालकाचें कृत्य, अशी विमा कंपन्यांची भूमिका असते, आणि इंजिनाच्या संरक्षणाचें जादा कलम घेतलेलें नसल्यास हा खर्च नाकारला जाण्याचा संभव फार. म्हणून पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवूं नये. पाण्याची खूण दिसेल असें छायाचित्र काढावें, विमा कंपनीस कळवावें, आणि गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करावी.

वॉरंटी आणि विमा यांखेरीज आणखी एक गोष्ट आहे. एखाद्या गाडीच्या संबंध तुकडींतच धोकादायक दोष आढळला, तर कंपनी त्या गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलते. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा गाड्या परत घेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. वॉरंटी संपली म्हणून अशा दुरुस्तीचा हक्क जात नाहीं. जुनी गाडी घेणारांनीं तर अधिकृत केंद्रावर चासी नंबर देऊन अशी कांहीं दुरुस्ती राहिली आहे काय, याची चौकशी अवश्य करावी.

आतां हमी कोण देतो, याविषयीं. वॉरंटी देतो कारखानदार. गाडी विकतो डीलर. हे दोघे एकच आहेत असें आपण धरून चालतों. शेजारच्या गोव्यांतील एका ग्राहकानें २०११ सालच्या गाडीचे पैसे भरले असतां विक्रेत्यानें त्याला २००९ सालीं बनलेली गाडी देऊं केली. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २०२१ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें टाटा मोटर्स कंपनीला जबाबदारींतून मुक्त केलें. कंपनी आणि विक्रेता हे स्वतंत्र व्यापारी आहेत, आणि विक्रेत्याचें हें कृत्य कंपनीस ठाऊक होतें असें सिद्ध झालेलें नाहीं, असें त्याचें कारण दिलें. यांतून दोन बोध घ्यावे. गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं ती कोणत्या महिन्यांत व वर्षांत तयार झाली तें पाहावें. आणि शोरूममधल्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. जें पुस्तिकेंत किंवा पावतींत नाहीं, तें कंपनीनें दिलेलें नाहीं असें समजावें. वाढीव वॉरंटीचे पैसे भरतांनाही हाच नियम. ती खुद्द कंपनीची कीं दुसऱ्या कोणाची, आणि तिच्यांत मूळ वॉरंटीहून कोणते भाग कमी केले आहेत, हें वाचल्यावांचून सही करूं नये.

इतकी काळजी घेऊनही रास्त मागणी नाकारली गेली तर काय करावें? वॉरंटीचें पुस्तक संपतें तेथें कायदा संपत नाहीं. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यानें उत्पादनांतील दोषामुळें होणाऱ्या हानीबद्दल कारखानदाराची जबाबदारी स्वतंत्रपणें सांगितली आहे. २०१५ सालीं घेतलेल्या एका ह्युंदाई गाडीला २०१७ सालीं अपघात झाला, तेव्हां समोरच्या एअरबॅग उघडल्याच नाहींत. या प्रकरणांत नुकसानभरपाईबरोबर गाडी बदलून देण्याचा झालेला हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २०२२ च्या एप्रिलमध्यें कायम केला. २००६ चा निर्णय आणि हा, यांत विरोध नाहीं. पहिला वॉरंटीच्या शब्दांची मर्यादा सांगतो, दुसरा जिवाच्या सुरक्षिततेचें साधन निकामी निघाल्यास कायदा किती पुढें जाऊं शकतो तें दाखवितो.

तक्रारीसाठीं मुंबईस जाण्याचें कारण नाहीं. तक्रारदार जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती करतां येते, म्हणजे रत्नागिरीकरास रत्नागिरींतच. वस्तूसाठीं दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालतें. किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. दहा लाखांपर्यंत २०० रुपये व वीस लाखांपर्यंत ४०० रुपये एवढीच फी आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार दाखल व्हावयास हवी. दोष डोळ्यांस न दिसणारा असेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करवूं शकतो. त्यापूर्वीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर विचारणा करून पाहावी. कित्येक प्रकरणें पत्रव्यवहारानेंच मिटतात.

मात्र कोणताही आयोग कागदावांचून आपलें म्हणणें मान्य करणार नाहीं. यासाठीं घरांत गाडीचें एक बाड ठेवावें. त्यांत खरेदीची पावती, वॉरंटीची पुस्तिका, विम्याचे कागद आणि प्रत्येक सर्व्हिसिंगचें जॉबकार्ड तारखेप्रमाणें लावावें. गाडी दुरुस्तीस देतांना आपली तक्रार जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. "नेहमींची तपासणी" असें लिहूं देऊं नये. "थंड असतांना दुसऱ्या गिअरमध्यें आवाज येतो" असें लिहवावें. मुदत संपण्याच्या आदल्या महिन्यांत तोच आवाज तिसऱ्यांदा आला, आणि पहिल्या दोन वेळां तो कागदावर नोंदलेला असला, तर मुदत संपली म्हणून हात झटकणें कंपनीस अवघड जातें. तोंडी सांगितलेली तक्रार मात्र मुदतीबरोबरच संपते.

वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, घरांतील कर्त्या मंडळींनीं बसून हें बाड उघडावें आणि तीन तारखा पाहाव्या : वॉरंटी केव्हां संपते, स्वतःच्या गाडीचा विमा केव्हां संपतो, आणि पुढची सर्व्हिसिंग केव्हां आहे. या कामास अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास कित्येक हजार रुपयांचा ठरूं शकतो.